व्हॅक्यूम ड्रायिंगनंतरही जॉब ओलाच? या चुका टाळा

जळगाव किंवा धुळ्याच्या एमआयडीसीत पार्ट वॉशिंग मशीनपाशी (इथे जॉब, म्हणजे धातूचे सुटे भाग, धुतात आणि बंद चेंबरमधली हवा पंपाने ओढून वाळवतात) हा प्रश्न हमखास ऐकू येतो: "भाऊ, पंप चालू से, काटा बी खाली से, मंग भोकमा पानी कसं ऱ्हायनं?" आणि पुढच्या लॉटला ड्रायिंगचा टाइम दोन मिनिटांनी वाढतो.

पहिली आणि सगळ्यात महागडी चूक हीच. व्हॅक्यूम पाणी वाळवत नाही, ते फक्त पाण्याचा उत्कलनबिंदू खाली आणतं. साध्या दाबाला पाणी १०० अंशांना उकळतं, १२३ मिलिबारला ५० अंशांना, ७४ मिलिबारला ४० अंशांना. पण उकळायला लागणारी उष्णता कुठून येणार? चेंबरमध्ये हवाच उरत नाही, त्यामुळे गरम हवेची मदत जवळजवळ संपते. जॉबला आपली उष्णतेची शिदोरी सोबतच न्यावी लागते.

हिशेब करून बघा. १०० किलो पोलादी जॉबवर अर्धा लिटर पाणी राहिलं, तर त्याची वाफ व्हायला सुमारे १२०० किलोज्यूल लागतात. तेवढं पोलाद एक अंश थंड होताना साधारण ४९ किलोज्यूल देतं. म्हणजे जॉब जवळपास २५ अंशांनी गार होणार. शेवटचं रिन्स (खंगाळायचं पाणी) ७० अंशांवर असेल तर जॉब ४५ वर येईल आणि काम होईल. रिन्स ४० वर असेल तर जॉब १५ अंशांकडे घसरतो, आणि त्या तापमानाला पाणी उकळायला १७ मिलिबार लागतात. तिथवर आपला पंप पोहोचतो का? नसेल तर टाइम कितीही वाढवा, वीज जाईल, पाणी तिथेच राहील. म्हणून आधी रिन्सचं तापमान आणि जॉब त्यात किती वेळ राहतो ते बघा, टाइमर नंतर. पातळ पत्र्याच्या जॉबची तर जास्तच काळजी घ्या: वजन कमी, पृष्ठभाग मोठा, शिदोरी लवकर संपते.

उकळून जाणारं पाणी मुळातच कमी असलं पाहिजे. ब्लाइंड होल, म्हणजे आरपार नसलेलं भोक, वर तोंड करून बास्केटमध्ये ठेवलं की ती वाटीच होते. तोंड खाली करा, बास्केट तिरकी करून निथळू द्या, एअर ब्लो मारा. हे फुकटचं ड्रायिंग आहे.

आता काटा. साधा डायल गेज बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाब दाखवतो. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे २०० मीटरवर आहे, इथे हवेचा दाब साधारण ७४० मिलिमीटर पारा. काटा उणे ७०० वर दिसला तरी आत ४० मिलिमीटर, म्हणजे ५३ मिलिबारच्या आसपास शिल्लक असतात. सेटिंग ठरवायला निरपेक्ष दाब (पूर्ण निर्वातापासून मोजलेला) दाखवणारा गेजच बसवा.

उन्हाळ्यात आपल्याकडे लिक्विड रिंग पंपाचीही (यात फिरत्या पाण्याचं कडंच हवा ओढून बाहेर ढकलतं) अडचण होते. सीलिंगचं पाणी ४० अंशांवर गेलं की पंप ७४ मिलिबारच्या खाली जाऊ शकत नाही, कारण ते पाणीच आत उकळू लागतं. पंप बिघडला म्हणून खोलून बसू नका, आधी पाण्याच्या टाकीत थर्मामीटर घाला. तेलाच्या रोटरी पंपात तेल दुधासारखं झालं असेल तर वाफ तेलात शिरली आहे; तेल बदला आणि गॅस बॅलास्ट (वाफेचं पंपातच पाणी होऊ नये म्हणून थोडी हवा आत सोडणारा व्हॉल्व्ह) चालू ठेवा.

पांढरे डाग पडत असतील तर मात्र ड्रायिंगला दोष देऊ नका. बोअरचं पाणी जड असतं, ते उडून गेलं तरी क्षार जॉबवरच बसतात. शेवटचं रिन्स आरओ किंवा डीएम (क्षार काढलेल्या) पाण्याचं करा.

गळती की ओलावा, हे ओळखायला पंपाचा व्हॉल्व्ह बंद करून दाब बघा. दाब एकसारखा चढतच राहिला तर दाराचं गॅस्केट किंवा जोड गळतोय. चढून एका आकड्यावर थबकला तर आत पाणी आहे. रिकाम्या, कोरड्या चेंबरवर ही चाचणी आधी एकदा करून आकडा लिहून ठेवा, मग तुलना सोपी जाते.

हे सगळे आकडे पाण्याने धुणाऱ्या मशीनचे आहेत. सॉल्व्हंटच्या मशीनला ते लावू नका. तिथे आगीचा धोका आहे, निर्मात्याचीच सेटिंग पाळा.

पावसाळ्यात आणखी एक. जॉब २० अंशांपर्यंत गार झालेला असताना दमट हवा आत सोडली की सुकलेल्या जॉबवर लगेच दव धरतं. बाहेर काढताना जॉब हाताला कोमट लागला पाहिजे. नाही लागला तर पुन्हा रिन्सच्या टाकीपाशी जा.