माणूस गेला, फाइली राहिल्या पाहिजेत

भोसरीतल्या कारखान्याची ड्रॉइंग्ज कोथरूडच्या ऑफिसात उघडेनाशी झाली. गूगल ड्राइव्हवरचं फोल्डर नोकरी सोडलेल्या सहकाऱ्याच्या ‘माय ड्राइव्ह’मध्ये होतं. फोल्डर शेअर केलं तरी मालकी त्याचीच राहते, त्यामुळे खातं डिलीट केलं की फाइलीही हातच्या जातात. ॲडमिन कन्सोलमधून (संस्थेची सगळी गूगल खाती जिथून सांभाळतात तिथून) असं खातं 20 दिवसांच्या आत परत आणता येतं. ते आणलं, मालकी दुसऱ्या खात्यावर वळवली आणि सगळं ‘शेअर्ड ड्राइव्ह’मध्ये हलवलं, तिथे मालकी संस्थेचीच.

हक्क देताना मात्र हात आखडता हवा. बहुतेकांना ‘कॉन्ट्रिब्यूटर’ पुरे: फाइल बदलता येते, डिलीट करता येत नाही. ट्रॅशमधली फाइल 30 दिवसच टिकते. आणि कोणी नोकरी सोडत असेल, तर आधी मालकी वळवा, मगच खातं काढा.