सुझुकी जिमनीने कॅराव्हॅन कशी ओढावी

ब्रिटनमध्ये विकल्या गेलेल्या तीन दारांच्या सुझुकी जिमनीला ब्रेक असलेला १,३०० किलोचा ट्रेलर ओढण्याची परवानगी आहे, आणि नव्याने कॅराव्हॅन (गाडीमागे ओढायचे चाकांवरचे छोटे घर) घेणाऱ्यांच्या बहुतेक चुका याच आकड्यापासून सुरू होतात. उत्पादक ही मर्यादा ठरवताना १२ टक्के चढावर थांबलेली गाडी मागच्या वजनासह पुन्हा निघू शकते की नाही, हे प्रामुख्याने पाहतो. उतारावर, बाजूच्या वाऱ्यात किंवा मोठा ट्रक शेजारून जाताना ते वजन गाडीच्या ताब्यात राहील की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नाही. जिमनीच्या बाबतीत खरा प्रश्न तोच आहे, कारण या गाडीचे स्वतःचे वजन सुमारे १,०९० किलो आहे आणि पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर अवघे २,२५० मिलिमीटर आहे. भारतात मारुतीच्या पाच दारांच्या जिमनीत हेच अंतर २,५९० मिलिमीटर आहे. त्यामुळे ती गाडी चालवलेल्यांनी तिच्या स्थिरतेचा अनुभव येथे गृहीत धरू नये.

ब्रिटनमधील कॅराव्हॅन क्लब नवख्या चालकांना असा सल्ला देतात की भरलेल्या कॅराव्हॅनचे वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ८५ टक्क्यांच्या आत असावे. हा कायदा नाही, पण जिमनीसाठी तो कायद्यासारखाच पाळावा, असे माझे ठाम मत आहे. हिशेब केल्यास मर्यादा साधारण ९२५ किलोवर येते. म्हणजे दोन पलंगांची लहान कॅराव्हॅन, छत उचलता येणारी कमी उंचीची कॅराव्हॅन किंवा अश्रूच्या थेंबासारख्या आकाराची ‘टिअरड्रॉप’ एवढाच पर्याय उरतो. यांपैकी बुटक्या कॅराव्हॅनला मी नेहमी पसंती देईन, कारण महामार्गाच्या वेगाला १३० न्यूटन-मीटरच्या इंजिनाला वजनापेक्षा हवेचा विरोध अधिक थकवतो.

कॅराव्हॅनच्या दाराजवळच्या पाटीवर दोन वजने पाहावीत: कारखान्यातून निघतानाचे आणि सामानासह जास्तीत जास्त चालणारे. खरेदीचा निर्णय दुसऱ्यावरच घ्यावा, कारण अंथरुणे, बॅटरी, तंबूवजा ऑनिंग, भांडी आणि गॅसचे सिलिंडर मिळून दीडशे किलो कधी होतात, ते कळतही नाही. पाण्याचे वजन लिटरला एक किलो असल्याने टाकी मुक्कामी पोहोचल्यावरच भरावी. गाडीच्या पाटीवर चार आकडे असतात. पहिला भरलेल्या गाडीचा, दुसरा गाडी व कॅराव्हॅन यांच्या एकत्रित वजनाचा, आणि उरलेले दोन पुढच्या व मागच्या आसांचे. हे चारही पाळणे कायद्याने बंधनकारक आहे. पहिल्या सहलीपूर्वी सार्वजनिक वजनकाट्यावर सर्व सामान भरून वजन करून घ्यावे. अंदाज बहुधा कमीच निघतो.

यानंतरचे माप म्हणजे नोजवेट, अर्थात कॅराव्हॅनचे तोंड गाडीच्या टोबॉलवर (मागच्या जोडणीच्या गोळ्यावर) किती दाब देते ते. हा दाब कॅराव्हॅनच्या भरलेल्या वजनाच्या ५ ते ७ टक्के असावा. ९०० किलोच्या कॅराव्हॅनसाठी ४५ ते ६३ किलो होतात, आणि जिमनीची मर्यादा ७५ किलो असल्याने ते सहज बसते. १,३०० किलोच्या कॅराव्हॅनचे ७ टक्के मात्र ९१ किलो होतात. म्हणजे तो मोठा आकडा गाडीच्या दुसऱ्याच मर्यादेला धडकतो. हा दाब गाडीच्या भारक्षमतेतूनही वजा होतो. जिमनीचे भरलेले वजन १,४३५ किलोपेक्षा जास्त चालत नाही; दोन प्रौढ माणसे, टोबार (हा गोळा धरणारा दांडा) आणि ६० किलोचा नोजवेट गेल्यावर हाती साधारण शंभर किलोच राहतात, म्हणून डिकीत जड सामान कोंबू नये.

नोजवेट मोजण्यासाठी महागडे साधन लागत नाही. कॅराव्हॅन सपाट जागी उभी करून चाकांना अडण्या लावाव्यात, टोबॉलच्या उंचीइतका लाकडी ठोकळा घरातल्या वजनकाट्यावर उभा ठेवून त्यावर कॅराव्हॅनचे कपलिंग (बॉलवर बसणारे तोंड) हळूच टेकवावे आणि जॉकी व्हील, म्हणजे कॅराव्हॅनच्या तोंडाखालचे आधाराचे छोटे चाक, वर घ्यावे. दाब कमी निघाल्यास सामान थोडे पुढे सरकवावे, जास्त निघाल्यास मागे. पण कोणत्याही परिस्थितीत जड वस्तू अगदी मागच्या टोकाला ठेवून तोल साधू नये. टोकाला ठेवलेले वजन लंबकासारखे वागते, आणि एकदा झोका सुरू झाला की तो वाढवत नेते. ऑनिंग आणि डबे आसाच्या वर, जमिनीलगत ठेवावेत. वरच्या कपाटांत फक्त कपडे.

जोडणी करताना क्रम मोडू नये. कपलिंग बॉलवर बसून खटका लागला की त्याची हिरवी खूण दिसते. तरीही जॉकी व्हील किंचित फिरवून गाडीचा मागचा भाग कपलिंगसोबत वर उचलला जातो का, हे पाहावेच. मग ब्रेकअवे केबल टोबारवरील ठरावीक कडीत अडकवावी, कारण कॅराव्हॅन सुटलीच तर तिचे ब्रेक लावणारी तीच एक वस्तू आहे. त्यानंतर विजेचा प्लग, जॉकी व्हील पूर्ण वर आणि घट्ट, कोपऱ्यांचे पाय वर, गॅस बंद, छताच्या खिडक्या बंद, सर्व दिव्यांची तपासणी आणि शेवटी कॅराव्हॅनचा हँडब्रेक सोडणे. कपलिंगमध्ये घर्षणाने झोके दाबणारा स्टॅबिलायझर असेल तर बॉलला ग्रीस अजिबात नसावे. जिमनीची रुंदी फक्त १,६४५ मिलिमीटर असल्याने जवळपास प्रत्येक कॅराव्हॅन तिच्यापेक्षा रुंद असते. त्यामुळे वाढीव आरसे लावणे भागच आहे.

ग्रेट ब्रिटनमध्ये १६ डिसेंबर २०२१ पासून साध्या कार परवान्यावर ३,५०० किलोपर्यंतचा ट्रेलर ओढता येतो, त्यासाठी वेगळी परीक्षा उरलेली नाही. वेगाची मर्यादा मात्र वेगळी आहे: दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर ताशी ५० मैल, दुभाजक असलेल्या रस्त्यांवर व मोटरवेवर ६० मैल, तीन किंवा अधिक मार्गिकांच्या मोटरवेवर सर्वांत उजवी मार्गिका वर्ज्य. जिमनीसाठी मोटरवेवर ५५ मैल हा सुखाचा वेग आहे. एम६ महामार्गावर शॅपच्या लांब चढावासारख्या ठिकाणी इंजिन दमण्याची वाट न पाहता आधीच खालचा गिअर टाकावा. मार्ग निवडताना चढांची माहिती घ्यावी. यॉर्कशायरमधील सटन बँकच्या चढावर कॅराव्हॅनना बंदीच आहे, आणि लेक डिस्ट्रिक्टमधील हार्डनॉट पास हा घाट अशा जोडगाडीसाठी नाही.

कॅराव्हॅन मागे नागमोडी डोलू लागली तर ॲक्सिलरेटरवरून पाय हळूच काढावा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवावे आणि वेग आपोआप उतरू द्यावा. वेग वाढवून ती सरळ करण्याचा सल्ला कोणी दिला तरी मानू नये, जोरात ब्रेक मारू नये आणि प्रत्येक झोक्याला उलटे स्टिअरिंग फिरवू नये. आपले हात त्या झोक्यामागेच राहतात आणि तो वाढतो. सावरल्यावर पहिल्या सुरक्षित जागी थांबून सामान व टायरमधील हवा तपासावी, कारण हे क्वचितच विनाकारण होते. उलट, जिमनीच्या मागच्या आसापासून बॉलपर्यंतचे अंतर कमी असते आणि ते तिच्या फायद्याचे आहे, कारण कॅराव्हॅनच्या बाजूच्या धक्क्याला तेवढीच कमी तरफ मिळते.

चारही चाकांची ताकद या सगळ्या प्रवासात उपयोगाची नाही. जिमनीत मधला डिफरन्शियल (वळताना पुढच्या व मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसल्याने कोरड्या डांबरावर ‘४एच’ (चारही चाकांना ताकद) लावून वळल्यास यंत्रणेवर ताण येतो. रस्त्यावर ‘२एच’च (फक्त मागच्या चाकांना ताकद) ठेवावे. चार चाकांच्या ताकदीची खरी गरज पडते ती पावसाने भिजलेल्या कॅम्पसाइटच्या गवतावर, जिथे पुढच्या चाकांवर चालणाऱ्या मोठ्या गाड्या ट्रॅक्टरची वाट पाहत उभ्या असतात. तिथे पूर्ण थांबून, क्लच दाबून ‘४एल’ (चारही चाकांना ताकद, पण कमी वेगाच्या गिअरवर) लावावे, दुसऱ्या गिअरमध्ये निघावे आणि चाके न फिरकवता एकसारख्या हलक्या पायाने सरळ रेषेत बाहेर यावे. २०१८ पूर्वीच्या जिमनीत पुढची चाके जोडणारे हब निर्वात दाबावर चालतात आणि त्यांच्या नळ्या जुन्या झाल्या की दिवा लागूनही चाके जोडली जात नाहीत. म्हणून निघण्यापूर्वी मोकळ्या चिखलाच्या जागी एकदा खात्री करावी. फाटकाबाहेर डांबर लागण्याआधी ‘२एच’वर यावे, आणि चाक काढून बसवलेले असेल तर पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर कॅराव्हॅनच्या चाकांचे बोल्ट टॉर्क पान्याने पुन्हा आवळावेत.