शाळेच्या आवारातला एक चौरस मीटर

मुलांना वर्गाबाहेर नेणं सोपं, पाहिलेल्यावर विचार करायला लावणं अवघड. आवारात एक चौरस मीटरचा चौकोन आखायचा, त्यातल्या झाडा-गवतांचे प्रकार मोजायचे आणि तिथे पाणी किती लवकर मुरतं ते बघायचं, असा हा पाठ. सहावी-सातवीसाठी तो जुलै-ऑगस्टमध्ये, दोन दिवस पावसाने उघडीप दिल्यावर, सकाळच्या जोडतासिकेत घ्या. जमीन पाण्याने तुडुंब असेल तर खालचा पाण्याचा प्रयोग फसतो, कारण तेव्हा कुठलीच माती फारसं पाणी पीत नाही.

चार-पाच मुलांच्या गटाला लागतं ते एवढंच: साडेचार मीटर सुतळी, चार खुंट्या, मोजपट्टी, चार इंची पीव्हीसी पाइपचा १५ सेंमी तुकडा, अर्धा लिटर पाणी आणि घड्याळ.

बाहेर पडण्यापूर्वी प्रत्येकाने वहीत पेनने अंदाज लिहायचा: झाडाखाली आणि पायवाटेवर प्रत्येकी किती प्रकारची झाडं-गवतं सापडतील? पाणी कुठे लवकर मुरेल, आणि का? ही पाच मिनिटं वाचवू नका. अंदाज नसेल तर नंतर ताडून बघायला हाताशी काहीच उरत नाही. पेन्सिल नको, कारण मुलं उत्तर कळल्यावर अंदाज हळूच दुरुस्त करतात.

एका गटाने एकच जागा घ्यावी, पण निम्मे गट झाडाखाली आणि निम्मे पायवाटेवर हवेत. जागा मुलांना निवडू दिली तर ती फुलं असलेली निवडतात. म्हणून पाठमोरं उभं राहून खडा टाकायला सांगा. खडा पडेल तो चौकोनाचा एक कोपरा. बाजू एक मीटर झाली तरी चौकोन तिरका असू शकतो. कर्ण १ मीटर ४१ सेंमी भरला की काटकोन जमला. गवतात शिरण्यापूर्वी काठी आपटा, दगड हाताने उलटू देऊ नका. गाजर गवत दिसलं तर त्याला हात नको, अंगाला खाज सुटते.

आता चौकोनात किती प्रकारची झाडं-गवतं आहेत ते मोजा. नावं आली नाहीत तरी चालेल. आघाडा, टाकळा, दूर्वा ओळखू येतात. बाकीच्यांची पानं रेखाटून ‘अ’, ‘ब’ म्हणावं. मग पाइप ३ सेंमी जमिनीत दाबा, बाहेरून चिखलाने लिंपा (नाहीतर पाणी कडेने निसटतं), पाणी ओता आणि पाच मिनिटांत पातळी किती सेंमी उतरली ते मोजा. पायवाटेवर ती सहसा कमी उतरते, कारण पायांनी दबून मातीतली पोकळी बुजलेली असते. हे कारण तुम्ही आधी सांगितलंत की पाठ तिथेच संपला.

परतण्याआधी मुलांना एकमेकांपासून हातभर अंतरावर दहा मिनिटं गप्प बसवून वहीत लिहू द्या. ‘कसं वाटलं?’ विचारलं तर ‘खूप मजा आली’ एवढंच येतं, आणि दोष प्रश्नाचा असतो. त्याऐवजी विचारा: अंदाज कुठे चुकला? चुकला तो कशामुळे? खात्री करायला आणखी काय मोजशील? या पानांवर शुद्धलेखनाची लाल शाई नको, गुणही नकोत. तपासणी होणार हे कळलं की मुलं चुकलेले अंदाज लपवू लागतात.

शिक्षकांनीही त्याच दिवशी, घरी जाण्यापूर्वी, चार-पाच ओळी लिहाव्यात: कोणत्या प्रश्नाचं उत्तर मी घाईने देऊन टाकलं, कोणता गट रिकामा बसला, पुढच्या वेळी काय बदलायचं. ऑक्टोबरमध्ये त्याच चौकोनांवर पुन्हा जाण्याआधी ही नोंद वाचा. खुंट्या तोवर टिकत नाहीत. जागेचं अंतर भिंतीपासून आणि जवळच्या झाडापासून मोजून वहीत लिहून ठेवा.