शापोरा नदीवर हाऊसबोट: आधी तिथी बघा, मग बुकिंग करा

गोव्यात हाऊसबोट म्हटलं की पाहुणे हमखास विचारतात, "ती केरळात ना?" रूप केरळचंच आहे. तिथल्या केट्टुवळ्ळम म्हणजे भात वाहणाऱ्या जुन्या होड्या, फळ्या खिळ्यांनी न ठोकता काथ्याने शिवलेल्या. त्यावर बांबूच्या चटयांचं छप्पर घालून हाऊसबोट झाली, आणि तशाच बोटी गोव्यातही दिसू लागल्या. पण इथे तुम्ही सरळ समुद्राला मिळणाऱ्या नदीत असता. ती दिवसातून दोनदा भरते, दोनदा ओसरते. बोटीच्या फोटोंपेक्षा ही गोष्ट आधी बघायची.

आधी नदी ठरवा

पणजीसमोरची मांडवी शांततेसाठी नाहीच. तिथे कॅसिनोंचे दिवे आणि संध्याकाळच्या क्रूझवरचं गाणं-बजावणं. मांडवी आणि जुवारीला जोडणारा कुंभारजुवे कालवा सुंदर आहे, पण तो छोट्या होडीतून सकाळी बघावा, आणि हात पाण्याबाहेर ठेवून, कारण तिथे मगरी आहेत. (मगरीशी इथलं नातं जुनं. दुर्भाटच्या बाजूला पौष अमावास्येला खाजनाच्या, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतजमिनीच्या, काठी मातीची मगर करून पुजतात. त्याला मांगे थापणी म्हणतात.) चोडणचं सलीम अली पक्षी अभयारण्यही होडीचंच काम.

रात्र पाण्यावर काढायची तर शापोरा बरी. शिवोली-चोपडे पुलापासून वर, कामुर्ली आणि तुयेच्या बाजूला जावं. दोन्ही काठांना खारफुटी आणि माड, मध्ये एखादी मासेमारीची होडी. मुखाकडे, मोरजीच्या बाजूला नेण्याचा हट्ट धरू नका. तिथे वाळूचे दांडे आहेत आणि लाटही लागते.

मग तिथी मोजा

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा दुसऱ्या दिवशी एकादशी होती. आईला मासे आजच खायचे होते म्हणून दशमीला बोट घेतली. दुपारी दीडला निघालो आणि वीस मिनिटांत एका खाडीच्या तोंडाशी बूड चिखलात रुतलं. बोटवाला बांबूने रेटतोय, बांबू कोपरभर आत जातोय, बाहेर काढला की काळ्या चिखलाचा वास. शेवटी त्याने बांबू आडवा ठेवला आणि बिडी पेटवली. मग आई, मूळची वेंगुर्ल्याची, बोटांवर मोजून म्हणाली, "दहाची पाऊणपट साडेसात. भरती साडेसातला. आता मधोमध ओहोटी आहे, कुठे निघालास?" दोन तास तिथेच बसलो. जेवण मात्र झकास झालं.

किनाऱ्यावरचा हिशोब हाच: तिथीला पाऊणने गुणा, साधारण भरतीची वेळ मिळते. तिथी पंधरवड्यातली धरा, शुद्ध असो की वद्य. अमावास्या-पौर्णिमेला भरती बाराच्या आगेमागे, पुढे रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा. हिशोब ढोबळ आहे, आणि नदीत वर जावं तसं पाणी आणखी उशिरा चढतं, म्हणून फोनवर भरतीचं कोष्टक बघा आणि बोटवाल्याला विचारा. ज्याला हा प्रश्न विचारल्यावर उत्तर द्यायला मॅनेजर शोधावा लागतो, त्याची बोट घेऊ नका.

दुपारी बाराला चढणार असाल तर पंचमी-षष्ठी उत्तम. चारच्या सुमाराला पाणी भरलेलं असतं, बोट आडखाड्यांच्या तोंडापर्यंत जाते. दुसऱ्या दिवशी न्याहारीच्या वेळी ओहोटी लागून चिखल उघडा पडतो आणि पक्षी खाली उतरतात.

महिना

ऑक्टोबर ते मे. पावसाळ्यात नदी गढूळ आणि बेभरवशाची. स्थलांतरित पक्षी नोव्हेंबर ते फेब्रुवारीत. एप्रिल-मे घामाचे, पण हुराक, म्हणजे काजूच्या बोंडांची हलकी दारू, तेव्हाच मिळतो, त्यामुळे ज्याची त्याची निवड.

बुकिंग करताना काय विचाराल

बोटीची कॅप्टन ऑफ पोर्ट्स खात्याकडे नोंदणी आहे का आणि लाइफ जॅकेटं माणशी एक आहेत का, हे आधी. मुलांच्या मापाचीही हवीत. शौचालयाचं पाणी टाकीत जातं की नदीत, हेही बिनधास्त विचारा.

आणि जनरेटर. एसी त्याच्यावर चालतो. रात्रभर तो घरघरणार असेल तर शांतता कसली? मी डिसेंबरात पंखाही लावत नाही. बोट रात्री धक्क्याला बांधतात की मध्ये नांगर टाकतात, तेही विचारून घ्या. धक्क्याला बांधली तर शेजारच्या बारचं संगीत फुकट.

जेवणाचं आदल्या दिवशी सांगून ठेवा, नाहीतर पनीर येईल. शीत म्हणजे भात, हुमण म्हणजे माशाची आमटी, आणि सोलकढी हे मूळ. काळुंदर मासळी मिळते का बघा. केरळात तिलाच करीमीन म्हणून मिरवतात.

पोहोचणं

कोकण रेल्वेने थिवी, तिथून म्हापसा, म्हापशाहून शिवोली. विमानाने येत असाल तर मोपा. सुटकेस नको, मऊ पिशवी घ्या, कारण फळीवरून चढायचं असतं. डासांसाठी मलम आणि टॉर्च हवाच.

बोटीवर

खाजनाच्या बांधाजवळ बोटवाल्याला इंजिन बंद करायला सांगा. बांधात मानस दिसेल, म्हणजे लाकडी दारं. भरतीचं पाणी चढलं की त्या दाबाने ती आपोआप मिटतात आणि खारं पाणी शेतात शिरत नाही. ओहोटीला आतल्या पाण्याने उघडतात. तेव्हा तोंडाशी जाळं लावून सुंगटं, म्हणजे कोळंबी, धरतात. दार मिटताना लाकडाचा एक दबका आवाज येतो. तो ऐकायचा तर भरती सुरू होताना तिथे असायला हवं.

सकाळी लवकर उठा. धुकं उतरेपर्यंत खारफुटीची श्वासमुळं पाण्याबाहेर आलेली असतात, खंड्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जातो आणि बोटवाला चहा ठेवतो. उतरताना शुक्रवार असेल तर म्हापशाचा बाजार वाटेवरच आहे. सुके बांगडे घ्या, पण दोन पिशव्यांत बांधून. परतीच्या गाडीत शेजारी कोण बसेल सांगता येत नाही.