कारण न सापडणारा पोटातला मुरडा : आयबीएसची शंका आल्यास काय करावे

पोटात मुरडा येतो, घाईघाईने शौचास जावे लागते, जाऊन आल्यावर तासभर बरे वाटते आणि पुन्हा कळ सुरू होते. असे महिनोन्‌महिने चालते, रक्ताच्या तपासण्या होतात, सोनोग्राफी होते, प्रत्येक रिपोर्ट नॉर्मल येतो, आणि मग घरातून, कधीकधी दवाखान्यातूनही, एकच वाक्य ऐकू येते : 'काही नाही, मनाचे आहे.' हे वाक्य चुकीचे आहे आणि त्याने रुग्णाचे नुकसान होते. रिपोर्ट नॉर्मल येण्याचा अर्थ एवढाच, की त्या तपासणीत सूज, व्रण किंवा गाठ आढळली नाही. आतड्याची हालचाल कशी चालली आहे आणि तिथल्या मज्जातंतूंची संवेदना किती तीव्र झाली आहे, हे अशा रिपोर्टमध्ये उमटत नाही.

इरिटेबल बाउल सिंड्रोम, म्हणजे आयबीएस, हा नेमका याच दोन गोष्टींचा बिघाड आहे. अन्न पुढे सरकवणारी आकुंचने कधी फार जोरात आणि वेगाने होतात, कधी मंदावतात. शिवाय आतडे थोड्याशा ताणानेही दुखू लागते. गुदाशयात छोटा फुगा हळूहळू फुगवून केलेल्या प्रयोगांत असे दिसले आहे, की इतरांना जेमतेम जाणवणारा दाब आयबीएसच्या अनेक रुग्णांना वेदनादायक वाटतो. काहींच्या बाबतीत या त्रासाची सुरुवात जुलाब-उलट्यांच्या एखाद्या जंतुसंसर्गानंतर होते. संसर्ग बरा होतो, पण आतड्याचा हळवेपणा मागे राहतो. अशा आजारानंतर साधारण दहांपैकी एका व्यक्तीला हे घडते.

तरीही, कारण सापडत नाही म्हणून स्वतःच आयबीएसचा शिक्का मारून घेऊ नये. आधी धोक्याच्या खुणा पाहाव्यात. शौचातून रक्त जाणे किंवा मल डांबरासारखा काळा होणे, प्रयत्न न करता वजन घटणे, ताप राहणे, रक्तक्षय, पोटात गाठ लागणे, दुखण्याने किंवा जुलाबाने रात्री झोपेतून जाग येणे, पन्नाशीच्या सुमारास किंवा त्यानंतर पहिल्यांदाच असा त्रास सुरू होणे, आणि जवळच्या रक्ताच्या नात्यात आतड्याचा कर्करोग, आतड्याचा दाहक आजार किंवा गव्हातील ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होणारा आजार, म्हणजे सेलिअ‍ॅक असणे, यांपैकी एकही गोष्ट असेल तर डॉक्टरांकडे जाणे लांबवू नये. अचानक उठलेले असह्य दुखणे, दगडासारखे कडक झालेले पोट, शौच आणि वायू दोन्ही बंद होऊन उलट्या होणे, किंवा बेंबीपाशी सुरू होऊन उजवीकडे खाली सरकणारी आणि वाढत जाणारी कळ, या स्थितीत घरगुती उपाय न करता थेट रुग्णालय गाठावे. स्त्रियांनी आणखी एक लक्षात ठेवावे : पाळीच्या दिवसांत आयबीएस वाढतो हे खरे असले, तरी एंडोमेट्रिओसिसचे (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचे) दुखणेही असेच असू शकते, आणि वाढत्या वयात नव्याने सुरू होऊन न ओसरणारी पोटाची फुगी ही बीजाशयाच्या कर्करोगाचीही खूण असू शकते.

या खुणा नसतील तर डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एक वही घ्यावी. माझ्या मते या आजारात वहीइतके उपयोगाचे साधन दुसरे नाही, कारण 'सारखे पोट दुखते' या तक्रारीवरून डॉक्टरांना फारसे काही ठरवता येत नाही. किमान दोन-तीन आठवडे रोज चार ओळी लिहाव्यात. उदाहरणार्थ : 'मंगळवार. रात्री झोप ४ तास. सकाळी ७ वाजता रिकाम्या पोटी कॉफी. ७.२० ला बेंबीखाली डावीकडे मुरडा, १० पैकी ६. दोनदा शौच, दुसऱ्यांदा प्रकार ६. नंतर दुखणे २ वर. दुपारी जेवणानंतर कॉफी, त्रास नाही.' यातला 'प्रकार ६' हा ब्रिस्टल मापनातला आहे. त्या मापनात मलाच्या स्वरूपाचे सात प्रकार केले आहेत : १ म्हणजे सुटे कडक खडे, ४ म्हणजे मऊ आणि सलग, ७ म्हणजे निव्वळ पाणी. या एका आकड्यामुळे संकोचाचे वर्णन टळते आणि नेमकेपणाही येतो. वरची नोंद पुन्हा वाचली तर दिसेल, की केवळ कॉफीला दोष देता येत नाही. तीच कॉफी दुपारी सोसली आहे. झोपमोड, रिकामे पोट आणि कॉफी एकत्र आल्यावर मुरडा उठतो का, हे पुढच्या काही नोंदींतून कळेल. वही नसती तर कॉफी कायमची सुटली असती आणि झोपेकडे लक्षही गेले नसते. चालू असलेली औषधेही वहीत लिहावीत. मधुमेहावरील मेटफॉर्मिनने जुलाब होऊ शकतात, तर लोहाच्या गोळ्यांनी अनेकांना बद्धकोष्ठता होते.

डॉक्टर निदान करताना बहुधा २०१६ साली ठरलेले 'रोम ४' निकष डोळ्यांसमोर ठेवतात. गेल्या तीन महिन्यांत सरासरी आठवड्यातून किमान एक दिवस पोट दुखलेले असावे आणि त्रासाची सुरुवात किमान सहा महिन्यांपूर्वीची असावी. शिवाय दुखण्याचा शौचाशी संबंध, शौचाच्या खेपांमधला बदल आणि मलाच्या स्वरूपातला बदल, या तिहींपैकी किमान दोन गोष्टी असाव्यात. सोबत रक्ताची साधी तपासणी, दाह दाखवणारी सीआरपी, सेलिअ‍ॅकची रक्ततपासणी आणि जुलाब असल्यास आतड्यातील दाह दाखवणारे मलातील कॅल्प्रोटेक्टिन हे प्रथिन पाहतात. सेलिअ‍ॅकची तपासणी होईपर्यंत गहू बंद करू नये. बंद केल्यास आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. धोक्याची खूण नसलेल्या तरुण रुग्णाला कोलोनोस्कोपीची, म्हणजे नळीच्या दुर्बिणीने मोठे आतडे आतून पाहण्याची, गरज सहसा पडत नाही.

मुरडा आलाच तर कमरेचे कपडे सैल करावेत, गुडघे पोटाकडे घेऊन कुशीवर पडावे, कापडात गुंडाळलेली गरम पाण्याची पिशवी पोटावर ठेवावी आणि पोट वर उचलले जाईल असा सावकाश श्वास घ्यावा. श्वास सोडण्याचा वेळ घेण्याच्या वेळेपेक्षा लांब असावा. नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या येथे चुकीच्या पडतात : आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या जठराला त्रास देतात आणि कोडीनसारख्या गोळ्या आतडे सुस्त करतात.

आहारात सर्वांत मोठी चूक होते ती एकदम सगळे बंद करण्याची. आज दूध, उद्या गहू, परवा कांदा, असे करता करता ताटात मोजके चार पदार्थ उरतात, वजन उतरते, आणि तरीही दोषी कोण ते समजत नाही. एका वेळी एकच बदल करावा आणि त्याला दोन ते चार आठवडे द्यावेत. सुरुवात साध्या गोष्टींपासून करावी : जेवणाच्या वेळा ठरवाव्यात, सावकाश चावून खावे, चहा-कॉफी दिवसाला तीन कपांवर आणावी, मद्य, तळलेले पदार्थ आणि फसफसणारी पेये कमी करावीत. 'भरपूर तंतुमय खा' हा सल्लाही सरसकट लागू पडत नाही. गव्हाच्या कोंड्याने अनेकांचा मुरडा आणि गुबारा वाढतो, तर पाण्यात विरघळून बुळबुळीत होणाऱ्या इसबगोलाने फायदा होण्याची शक्यता अधिक असते. तेही अर्ध्या चमच्यापासून, भरपूर पाण्यासोबत, हळूहळू वाढवावे.

एवढ्याने भागले नाही तर मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठात विकसित झालेला 'लो फॉडमॅप' आहार करून पाहता येतो. लहान आतड्यात नीट न शोषल्या जाणाऱ्या आणि मोठ्या आतड्यात आंबून वायू करणाऱ्या काही शर्करा त्यात वगळल्या जातात. कांदा, लसूण, गहू, बहुतेक कडधान्ये, दूध, सफरचंद, मध आणि साखरमुक्त गोळ्यांतले सॉर्बिटॉल यांत त्या असतात. वगळण्याचा टप्पा फार तर सहा आठवड्यांचा असतो. नंतर एकेक गट तीन दिवस, थोड्या प्रमाणापासून वाढवत, परत आणायचा आणि वहीत परिणाम लिहायचा. हा दुसरा टप्पाच खरा महत्त्वाचा, आणि बरेचजण नेमका तोच गाळतात. वगळलेले अन्न कायमचे वगळल्यास आतड्यातील उपकारक जंतूंचेही पोषण घटते. शक्यतो हे आहारतज्ज्ञाच्या देखरेखीखाली करावे. ज्यांचे वजन आधीच कमी आहे किंवा ज्यांना खाण्याची धास्ती बसली आहे, त्यांनी स्वतःहून मुळीच करू नये.

औषधे लक्षणानुसार डॉक्टर ठरवतात. मुरड्यासाठी मेबेव्हेरिन किंवा डायसायक्लोमिन, अथवा आतड्यात जाऊन विरघळणाऱ्या आवरणाची पेपरमिंट तेलाची कॅप्सूल, जी चावायची नसते. जुलाबासाठी लोपेरामाइड, पण ताप असताना किंवा रक्त पडत असताना नाही. काचबिंदू किंवा लघवी अडकण्याचा त्रास असलेल्यांनी डायसायक्लोमिनपूर्वी तसे सांगावे.

कधी डॉक्टर अल्प मात्रेत अ‍ॅमिट्रिप्टिलिन देतात, आणि हे औषध नैराश्यावरचे असल्याचे समजताच पुन्हा 'मनाचे आहे' हा अर्थ काढून रुग्ण ते टाकून देतो. येथे ते मेंदू आणि आतडे यांच्यातील वेदनेचे संदेश मंद करण्यासाठी दिलेले असते. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या, ४६३ रुग्णांवर झालेल्या ब्रिटनमधील चाचणीत १० ते ३० मिलिग्रॅम एवढ्या मात्रेने सहा महिन्यांनी लक्षणांत औषध नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा अधिक सुधारणा दिसली. ताण कमी करणारे उपचार आणि समुपदेशनही याच वाटेने काम करतात. ताणाने आतड्याची चाल खरोखर बदलते, आणि दुखण्याच्या धास्तीने ताण वाढतो.

निदान झाल्यानंतरही वही बंद करू नये. महिन्यातून एक आठवडा नोंदी ठेवल्या तरी पुरे. मात्र दुखण्याची जागा किंवा जात बदलली, वजन उतरू लागले, अथवा रात्री जाग येऊ लागली, तर 'हा तर आपला जुनाच आयबीएस' असे न म्हणता त्या नोंदी घेऊन पुन्हा डॉक्टरांकडे जावे.