बंडल ‘इन्स्टॉल्ड’वरच अडकलं तर

अपाची कराफमध्ये (जावा प्रोग्रॅम ‘बंडल’ नावाच्या सुट्या भागांत चालवणारा सर्व्हर) बंडल टाकलं, पण ते ‘इन्स्टॉल्ड’वरून (नुसतं टाकलेलं) ‘रिझॉल्व्ह्ड’ला (लागणारं सगळं मिळालेलं) जातच नसेल, तर उगाच रीस्टार्ट मारत बसू नका. ‘बंडल:डायग’ ही कमांड बंडलच्या क्रमांकासह द्या. कुठलं पॅकेज (जावा क्लासेसचा गट) मिळत नाहीये ते कळेल. मग ते ‘पॅकेज:एक्स्पोर्ट्स’ या कमांडच्या यादीत, म्हणजे बाकीची बंडलं इतरांना देत असलेल्या पॅकेजांत, शोधा. बऱ्याचदा ते तिथे असतंच, फक्त व्हर्जन जुळत नाही. ते दुरुस्त करताना ‘इम्पोर्ट-पॅकेज’मध्ये (बंडलच्या मॅनिफेस्ट फाइलमधली, लागणाऱ्या पॅकेजांची ओळ) नुसतं १.२ लिहिलं, तर ओएसजीआय (कराफ ज्यावर चालतं ते बंडल जोडण्याचं मानक) त्याचा अर्थ १.२ किंवा त्यापुढचं काहीही असा घेतं, म्हणजे ३.० सुद्धा चालतं! त्यामुळे १.२ पासून २ च्या आतपर्यंत अशी रेंजच द्या: सुरुवातीला चौकोनी कंस, शेवटी गोल. पॅकेज कुणीच एक्स्पोर्ट करत नसेल, तर ते ज्या जारमध्ये (जावाची लायब्ररी फाइल) आहे, ती साधी, म्हणजे बंडल नसलेली, आहे का बघा. मॅनिफेस्टमध्ये ओएसजीआयचे हेडर नसलेली जार पत्त्याआधी ‘रॅप:’ जोडून टाकता येते.

घाईघाईत इम्पोर्ट ‘ऑप्शनल’ (मिळालं नाही तरी चालेल असं) करणं मला पटत नाही. बंडल सुरू होतं खरं, पण क्लासची गरज पडली की ‘नोक्लासडेफफाउंडएरर’ (क्लास सापडला नाही अशी चूक) येतो. शिवाय ते पॅकेज देणारं, राहिलेलं बंडल नंतर टाकलं, तरी आधीचं बंडल ‘रिफ्रेश’ केल्याशिवाय (त्याची जोडणी नव्याने करायला लावल्याशिवाय) दोघांची जोडणी होत नाही.