जुन्या शिकारी रिकर्व्हची मूठ घडवताना या चुका टाळा

मूठ हातात नीट बसत नाही, ही तक्रार बहुधा खरी असते. साधारण 1950 ते 1970 च्या दशकांतल्या लाकडी रायझरच्या (मूठ असलेल्या मधल्या ताठ भागाच्या) एकसंध रिकर्व्हची, म्हणजे टोके लक्ष्याकडे वळलेल्या धनुष्याची, मूठ कुणा एकाच्या हाताचे माप घेऊन केलेली नव्हती. एखादी फार जाड असते, एखादी गळ्याशी नको तितकी निमुळती, तर एखादीची टाच, म्हणजे तळहाताचा खालचा भाग टेकतो ती जागा, इतकी उंच की मनगट आडवे ठेवताच येत नाही. पण मुठीवर कानस फिरवणे म्हणजे सगळ्या धनुष्याचा मोजमापाचा बिंदू हलवणे. मुठीचा सर्वांत खोल भाग, म्हणजे गळा, तिथूनच ब्रेस हाइट (न ओढलेल्या दोरीपर्यंतचे अंतर) मोजतात, ओढही तिथूनच मोजतात आणि हाताचा दाब पडतो तोही तिथेच. इथल्या चुका दिसायला मिलिमीटरच्या असतात, लक्ष्यावर मात्र वीतभर दिसतात.

भर घालून न पाहताच लाकूड काढणे

काढलेले लाकूड परत येत नाही, तेव्हा सुरुवात उलट्या टोकाने करावी. मुठीवर पातळ प्लास्टिकची फिल्म गुंडाळा, त्यावर न वाळणारी मॉडेलिंग क्ले थापा आणि दोरी चढवलेले धनुष्य हातात धरून हाताचा ठसा घ्या. क्ले कुठे दाबली जाते आणि कुठे फुगते, त्यावरून पोकळी कुठे आहे ते कळते. मग त्या जागी 1 ते 2 मिमी जाड चामड्याचे तुकडे मास्किंग टेपने चिकटवून दोनेक आठवडे नेमबाजी करा. ‘मूठ जाड आहे’ ही तक्रार कितीदा तरी टाचेवर 3 मिमी भर पडताच मिटते, कारण हात खाली घसरत होता आणि तो सावरायला बोटे आवळावी लागत होती. जाडीचा तिथे काही संबंधच नव्हता.

दाब कुठे पडतो ते पाहायचे असेल तर तळहाताला खडूची पूड लावा, तीर चढवून पूर्ण ओढा आणि न सोडता सावकाश परत आणा. मुठीवरचा आणि हातावरचा डाग ताडून पाहा. डाग अंगठ्याखालच्या उंचवट्यावर, आयुष्यरेषेच्या अंगठ्याकडच्या बाजूला पडायला हवा. आयुष्यरेषेचा हा एक उपयोग तरी खात्रीचा. डाग रेषा ओलांडून करंगळीकडे गेला असेल तर मूठ तशीच राहू द्या आणि हात बदला: बोटांची पेरे उभ्या धनुष्याशी साधारण 45 अंशांत तिरकी ठेवा.

धनुष्य संग्राहकांच्या दृष्टीने मोलाचे असेल, मूळ फिनिश आणि हाताने लिहिलेले आकडे शाबूत असतील, तर चामड्याच्या वेटोळ्यापलीकडे जाऊच नये. वय ठरवतानाही घाई नको. बेअर या अमेरिकी धनुष्य कंपनीच्या कित्येक धनुष्यांवर 1953 हे वर्ष छापलेले असते. ते कॅनडातल्या पेटंटचे वर्ष आहे, धनुष्य बनल्याचे नव्हे.

दुखणे न तपासता कामाला लागणे

लिम्बच्या, म्हणजे वरच्या-खालच्या पात्यांच्या, कडांवरून कापसाचा बोळा फिरवा. तो अडकला तर तिथे फायबरग्लासचा तंतू उचललेला आहे. बॅटरीचा झोत तिरका पाडून थरांमधल्या गोंदाच्या रेषा पाहा. कडेला काळी फट दिसली आणि तिच्यात पातळ कागदाचे टोक शिरले, तर थर सुटलेत. फायबरग्लासमधल्या बारीक उभ्या रेषा बहुधा निरुपद्रवी असतात, पण आडवी रेषा म्हणजे धोक्याची खूण. रायझरमध्ये लाकडाच्या धाग्याला समांतर वरवरची चीर असेल तर अगदी पातळ सुपरग्लू जिरवून ती बुजते. धागा तोडून आडवी गेलेली चीर असेल तर धनुष्य भिंतीवर टांगावे. त्याची मूठ कितीही सुबक केली तरी ते ओढण्याच्या लायकीचे राहत नाही.

गळा खोल करणे

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. मूठ अंगावर येते, हात पुढे जायला हवा असे वाटते, म्हणून गळ्यातून 5-6 मिमी खरवडून काढतात. त्यातून दोन गोष्टी घडतात.

एक ताकदीची. धनुष्य ओढताना रायझर ज्या दिशेने वाकू पाहतो, त्या दिशेच्या जाडीला, म्हणजे तिरंदाजाकडच्या पृष्ठापासून लक्ष्याकडच्या पृष्ठापर्यंतच्या खोलीला, सगळ्यांत जास्त महत्त्व असते. ताठरपणा रुंदीच्या सरळ प्रमाणात, पण खोलीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. मुठीचा छेद 30 मिमी रुंद आणि 50 मिमी खोल आहे असे धरा. बाजूंनी मिळून 5 मिमी काढले तर ताठरपणा सुमारे 17 टक्क्यांनी घटतो. तेच 5 मिमी गळ्यातून काढले तर तो सुमारे 27 टक्क्यांनी घटतो. म्हणून मूठ बारीक करायची असेल तर बाजूंनी करावी, आणि तीही प्रत्येक बाजूने दीड मिमीच्या पुढे सहसा जाऊ नये. त्याने फरक जाणवत नसेल तर रोग दुसराच आहे.

दुसरी गोष्ट आकड्यांची. गळा 6 मिमी आत गेला की हात दोरीपासून तितकाच लांब जातो. हातापासून हनुवटीपर्यंतचे तुमचे अंतर तेच राहते, त्यामुळे लिम्ब 6 मिमी कमी वाकतात. 45 पौंडी धनुष्यात शेवटच्या टप्प्यात दर इंचाला साधारण 2 ते 3 पौंड वाढतात, म्हणजे अर्धा ते पाऊण पौंड गेला. तेवढे चालेल. खरी गफलत ब्रेस हाइटची होते. दोरीला हातही न लावता पट्टीवर 8 इंचांऐवजी सव्वाआठ दिसतात. मालक दोरीचा पीळ सोडून ती ‘पूर्ववत’ करतो, दोरी लिम्बच्या जवळ येते आणि मग मनगटावर फटके बसतात, आवाज वाढतो. काम सुरू करण्यापूर्वी रायझरच्या लक्ष्याकडच्या पृष्ठापासून दोरीपर्यंतचे अंतर मोजून लिहून ठेवा. ते पृष्ठ हलणार नाही, म्हणून नंतर तेच माप खरे.

काही जागांना कानस लावूच नये. लक्ष्याकडच्या पृष्ठाला नको, कारण बऱ्याच धनुष्यांत लिम्बचे थर तिथून अखंड गेलेले असतात. रायझर निमुळता होत लिम्बमध्ये मिसळतो तिथेही नको. आणि शेल्फ (तीर टेकतो तो कठडा) व साइट विंडो (त्यावरची, तीर जाण्यासाठी कापलेली खाच) यांच्या आतल्या कोपऱ्याला तर अजिबात नको. तिथे आधीच निम्मे लाकूड कापलेले असते. गोलाई खरवडून काटकोन केला की चीर तिथूनच निघते. गळा वरच्या अंगाला शेल्फखाली खणत नेल्यास आणखी एक त्रास: हात तिराच्या जवळ येतो आणि पिसे अंगठ्याच्या सांध्याला कापतात.

मध्यरेषा न आखता घासणे

धनुष्याला दोरी चढलेली असतानाच मुठीवर मास्किंग टेप लावा, दोरी दोन्ही लिम्बच्या बरोबर मध्यावर दिसेल असे डोळ्यासमोर धरा आणि दोरीच्या रेषेत टेपवर पेन्सिलची खूण करा. दोरी उतरवली की ही रेषा परत सापडणे कठीण. पुठ्ठ्याचे दोन साचे कापा, एक गळ्याच्या आडव्या छेदाचा आणि एक बाजूच्या वळणाचा. दर पाच मिनिटांनी ते लावून पाहा. डोळ्याला समान दिसणारी मूठ साच्यावर 2 मिमी वाकडी निघते, कारण उजव्या हाताने घासणारा एका बाजूला नकळत जास्त जोर देतो.

दोन्ही बाजू आरशातल्यासारख्या हुबेहूब असायची गरज नाही. अंगठ्याकडे थोडी भर आणि बोटांकडे थोडी सफाई चालते. पण गळ्याचा सर्वांत खोल बिंदू मध्यरेषेवरच हवा. तो बाजूला गेला की प्रत्येक ओढीत रायझर पिळतो.

अवजारे आणि धूळ

ड्रम सँडर, ग्राइंडर बाजूला ठेवा. एका झटक्यात 2 मिमीचा खड्डा पडतो आणि तो बुजवायला सगळी मूठ खाली आणावी लागते. अर्धगोल कानस, एक गोल कानस, लाकूड खरवडायचे पोलादी पाते आणि कापडी पाठीच्या पॉलिशपेपरच्या बोटभर रुंद पट्ट्या एवढे पुरे. पट्ट्या बुटाला पॉलिश करतात तशा दोन्ही हातांनी ओढायच्या: 80, 120, 180, 220, शेवटी 320. शिकंज्यात रायझर चामडे लावून धरा, लिम्ब कधीही नाही.

रोझवूड, बुबिंगा या लाकडांच्या धुळीने त्वचेला आणि श्वासाला त्रास होतो, आणि एकदा ॲलर्जी जडली की ती सुटत नाही. चांगला मास्क लावा. फायबरग्लासच्या काठाजवळ पोहोचलात तर कोरडे घासू नका.

भर घालताना होणाऱ्या चुका

जुन्या फिनिशवर एपॉक्सी पुटी थापली की ती महिनाभरात पापुद्र्यासारखी निघते. पुटी उघड्या लाकडावरच धरते. जागा 80 च्या कागदाने खरखरीत करा. तेलकट जातीच्या लाकडावर पुटी लावण्याच्या अगदी आधी ॲसिटोनचे फडके फिरवा, कारण थोड्या वेळात तेल पुन्हा वर येते. मात्र ॲसिटोन जुने लॅकर, छापील अक्षरे आणि प्लास्टिकचे पदक विरघळवतो. त्या जागा टेपने झाका आणि फडके पिळून वापरा.

पुटीचे दोन्ही भाग समान घेऊन एकच रंग येईपर्यंत मळा. पांढऱ्या रेघा राहिल्या तर तो भाग मऊच राहतो. थर लवकर वाळवायला हीट गन लावणे म्हणजे शुद्ध आत्मघात: मुठीतली उष्णता जुन्या गोंदापर्यंत पोहोचते. 24 तास थांबा. लहान खाचांसाठी त्याच लाकडाचा बारीक भुसा मिसळलेला संथ एपॉक्सी बरा. पाच मिनिटांत घट्ट होणारा सोयीचा असला तरी ताकदीला कमी पडतो.

फिनिश

दोन तक्रारी नेहमीच्या. वार्निशात माशाच्या डोळ्यासारखी छिद्रे पडली तर जुने मेण किंवा सिलिकॉन राहिलेले असते. थर उतरवून मिनरल स्पिरिटने पुसा आणि परत लावा. तेल शोषलेच जात नसेल आणि चिकट साय राहत असेल, तर लाकूड कारखान्यातच रेझिन मुरवलेले असण्याची शक्यता आहे. काही 1970 च्या आसपासच्या रायझरमध्ये असे लाकूड होते. तिथे तेलाचा नाद सोडून पातळ पॉलियुरेथेनचे तीन-चार हात द्या. शेवटच्या थराची चकाकी 0000 नंबरच्या स्टीलवूलने मारा, नाहीतर घामेजलेल्या हातात मूठ फिरते.

काम झाले, पण तीर भरकटतात

आधी सुरक्षितता. स्ट्रिंगर, म्हणजे दोरी चढवायची खास पट्टी, वापरून दोरी चढवा, पाय घालून चढवू नका, त्याने लिम्ब पिळतात. दोरी जुनी असेल तर नवी डॅक्रॉनचीच (थोड्या ताणणाऱ्या पॉलिएस्टर धाग्याची) घ्या. बहुतेक जुन्या धनुष्यांची टोके न ताणणाऱ्या आधुनिक दोऱ्यांसाठी केलेली नाहीत. 4-6 इंच ओढून सावकाश परत आणा, मग अर्धी ओढ, मग पूर्ण, असे वीस-तीस वेळा. करकर ऐकू आली की तिथेच थांबा. रिकामी दोरी कधीच सोडू नका.

मग नॉक पॉइंट, म्हणजे दोरीवर तिराची खाच बसते ती खूण. उंच मनगटाची मूठ सपाट केली की दाब खाली सरकतो, खालच्या लिम्बवरचा भार वाढतो आणि आधीचा नॉक पॉइंट जुळत नाही. शेल्फच्या काटकोनापासून 3/8 ते 1/2 इंच वर सुरुवात करा. 15 मीटरवरून पिसांचे तीन तीर आणि बिनपिसांचा एक सोडा. बिनपिसांचा खाली लागला तर नॉक पॉइंट जरा खाली घ्या, वर लागला तर वर. एका वेळी दीड मिमीपेक्षा जास्त हलवू नका.

तीर एकाच बाजूला झुकत असतील तर तिराचा ताठरपणा बदलण्यापूर्वी खडूची परीक्षा परत करा. डाग मध्यरेषेपासून सरकलेला दिसला तर गळ्याच्या त्या अंगाला भर घाला. तिरांचा गट एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जात असेल, तर मूठ आता फार बारीक किंवा फार गोल झाली आहे आणि हात दर वेळी वेगळ्या जागी बसतो. अशा वेळी मुठीच्या तिरंदाजाकडच्या बाजूला 8 ते 10 मिमी रुंदीचा सपाट पट्टा परत तयार करावा. त्यासाठी एपॉक्सीत बसवलेली चामड्याची एक पट्टी पुरते.